गुडघे, खुबे आणि ‘झीज’: डॉक्टरांशी मिळून ठरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॅमिली डॉक्टर म्हणून समोरच्या खुर्चीतून, फोनवर, मेसेजमधून जे प्रश्न वर्षानुवर्षं येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधाचा डोस मात्र इथे शोधू नका. तो तुमची फाइल पुढ्यात असलेल्या माणसानेच सांगायचा.

१. डॉक्टर म्हणाले, “गुडघे झिजलेत.” म्हणजे नेमकं झालंय काय?

ऑस्टिओआर्थ्रायटिस झालाय. ‘झीज’ हा त्याला आपण दिलेला सुटसुटीत शब्द, आणि या आजाराइतकंच नुकसान या शब्दानेही केलंय असं माझं मत आहे. मीही तो बरीच वर्षं सर्रास वापरला. झिजलं म्हटलं की डोळ्यांपुढे चपलेचा तळ येतो, नाहीतर गाडीचा टायर: जितकं वापराल तितकं कमी उरणार. ऐकणारा मग जपून चालतो, कमी चालतो, हळूहळू चालणंच टाळतो. मांडीचे स्नायू बारीक होतात, गुडघ्याचा आधार जातो आणि दुखणं वाढतं. मग त्याला वाटतं, बघा, झीज वाढली.

सांधा जिवंत असतो. हाडांच्या टोकांवरची कूर्चा (गुळगुळीत, लवचीक आवरण), तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, हाडांना जोडणारे अस्थिबंध, भोवतीचे स्नायू या सगळ्यांतच या आजारात बदल होतात. शरीर आपल्या परीने डागडुजीही करत असतं. कडेला वाढलेली हाडाची टोकं ही त्यातलीच. अस्तराला मधूनमधून सूज येते, म्हणून एक आठवडा बरा जातो आणि पुढचा वाईट. टायरचं असं होत नाही.

“वंगण संपलं”, “हाडाला हाड घासतंय” ही वाक्यंही त्याच जातीची. कोणी असं म्हणालं तर घाबरण्याआधी एकच विचारा, “मग मी चालू की नको?” उत्तर बहुतेक वेळा “चाला” असंच येईल (प्रश्न ७).

२. हा संधिवातच ना? मग रक्त तपासायला का नाही सांगितलं?

संधिवात ही मोठी पिशवी आहे. तिच्यात हाही येतो, आमवातही येतो, गाऊटही येतो. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात आणि सकाळी तास-तासभर बोटं वळत नाहीत. ऑस्टिओआर्थ्रायटिसचा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो आणि दुखणं हालचालीबरोबर वाढतं. रक्ताची कुठलीही तपासणी ऑस्टिओआर्थ्रायटिस सिद्ध करत नाही. दुसऱ्या कशाची शंका असेल तरच ती करायची. उगाच केली आणि ‘आरए फॅक्टर’ (आमवाताच्या शंकेने रक्तात तपासतात तो घटक) किंचित वाढलेला निघाला की नसती काळजी मागे लागते, कारण तो धडधाकट माणसांतही, विशेषतः वय झालेल्यांत, कधी कधी वाढलेला असतो.

३. एक्स-रे न काढताच निदान केलं. टाळाटाळ तर नाही ना?

नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०२२ची मार्गदर्शक सूचना हेच सांगते: वय ४५ किंवा जास्त, हालचालीबरोबर वाढणारं सांध्याचं दुखणं, आणि सकाळचा ताठरपणा नाही किंवा ३० मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही, एवढं जुळलं तर फिल्म न काढता निदान करावं. चित्र वेगळं असेल तर काढावी. म्हणजे मार लागलाय, दुखणं झपाट्याने वाढतंय, सांधा गरम लागतोय (प्रश्न १४), किंवा ऑपरेशनचा विचार सुरू झालाय.

४. रिपोर्टमध्ये ‘ग्रेड ४’ लिहिलंय. म्हणजे आता ऑपरेशनच?

फिल्मवर ऑपरेशन करत नाहीत, माणसावर करतात. ० ते ४ ही प्रतवारी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली. ती फक्त एक्स-रेवर काय दिसतं ते सांगते. तुम्हाला किती दुखतं, झोप लागते का, दुकानापर्यंत जाऊन येता का, यातलं काहीही तिला कळत नाही. ग्रेड ४ घेऊन रोज फिरायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ग्रेड २ने रडकुंडीला आलेलीही.

एमआरआयचं तर विचारूच नका. “गादी (गुडघ्यातल्या दोन हाडांमधली कूर्चेची चकती, मेनिस्कस) फाटली आहे” हे वाक्य वाचून लोक रात्रभर झोपत नाहीत. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या सुमारे हजार लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले. २००८ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ज्यांची गादी फाटलेली निघाली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिन्याभरात दुखलाही नव्हता. त्या वयात चेहऱ्यावर सुरकुत्या दिसाव्यात तसंच हे. गुडघा खरोखर अडकत असेल, म्हणजे वाकलेला सरळच होत नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

५. डॉक्टर मलाच विचारतात, “तुम्हाला काय वाटतं?” मला कळत असतं तर त्यांच्याकडे कशाला गेलो असतो?

हा प्रश्न कुरकुरीच्या सुरात येतो, आणि ती कुरकूर रास्तही आहे. नुसतं “तुम्हाला काय वाटतं?” विचारून गप्प बसणं म्हणजे मिळून निर्णय घेणं नव्हे. ते अंग झटकणं झालं.

या आजारात मिळून ठरवावं लागतं त्याचं कारण साधं आहे. एकच एक बरोबर इलाज इथे नाही. अपेंडिक्स फुटलं तर चर्चेला फारशी जागा नसते. गुडघ्याच्या बाबतीत चार-पाच वाटा असतात, प्रत्येकीचा फायदा मर्यादित, प्रत्येकीची किंमत वेगळी. पोटाला त्रास झाला तरी चालेल पण आज चालता आलं पाहिजे, असं एकाला वाटतं. दुसऱ्याला गोळीच नको असते. कोणती वाट तुम्हाला परवडेल ते डॉक्टरांना पुस्तकातून कळत नाही.

ग्लिन एल्विन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली या संवादाचे तीन टप्पे मांडले. सोप्या भाषेत ते असे: आधी “यात निवडीला वाव आहे आणि आपण दोघं मिळून बघू” हे उघड बोलायचं, मग पर्याय फायद्या-तोट्यासकट शेजारी शेजारी मांडायचे, आणि शेवटी तुम्हाला महत्त्वाचं काय ते धरून ठरवायचं. शेवटच्या टप्प्यात डॉक्टरांनी स्वतःचं मत द्यायला काहीच हरकत नाही. उलट द्यावंच. फक्त पहिल्या वाक्यात देऊ नये.

एक उदाहरण. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एक काकू दोन वर्षं “गुडघा दुखतो” एवढंच सांगायच्या आणि मी गोळी लिहून द्यायचो. एकदा मी विचारलं, “काकू, या दुखण्यापायी करायचं काय राहून गेलंय?” त्या जरा थांबल्या. “डॉक्टर, जिना उतरताना खेकड्यासारखी आडवी उतरते मी, एकेक पायरी. नातू खाली पोचतो आणि वर बघत उभा राहतो. बोलत नाही काही. त्याचंच वाईट वाटतं.”

दोन वर्षांत मला हे ठाऊकच नव्हतं. आता बोलायला काहीतरी हाताशी आलं. जिना उतरायचा तर मांडीच्या पुढच्या स्नायूंत जोर हवा. मी पर्याय सांगितले: फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम, लावायचं जेल, गोळी, इंजेक्शन. गोळीला त्यांनी लगेच नकारार्थी मान हलवली. आईची किडनी गोळ्यांनी गेली असं त्यांच्या मनात पक्कं होतं, आणि स्वतःला ब्लडप्रेशर. व्यायाम आणि जेल ठरलं, आठ आठवड्यांनी पुन्हा भेटायचं. आठव्या आठवड्यात दुखणं दहापैकी सहावरून चारवर आलं होतं. आकड्यात बघाल तर किरकोळ. पण आमच्या दवाखान्याचा जिना त्या कठडा धरून सरळ उतरल्या, आणि उतरून झाल्यावर वर बघितलं.

६. भेट दहा मिनिटांची. त्यात हे सगळं कसं बसवायचं?

एका भेटीत बसवायचंच नाही. हा आजार घाईचा नसल्यामुळे दोन-तीन भेटींत विभागून बोलता येतं. तरी घरून निघताना दोन गोष्टी कागदावर लिहून न्या: दुखण्यामुळे अडलेलं एकच मुख्य काम, आणि सध्या घेत असलेली सगळी औषधं, दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्यांसकट.

आणि ते मुख्य काम पहिल्या वाक्यातच सांगून टाका. १९८४ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणं रेकॉर्ड करून पाहिली, तेव्हा पेशंटचं पहिलं बोलणं डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत तोडत होते. आम्ही तेव्हापासून फार सुधारलोय असा माझा दावा नाही.

कुठलाही इलाज सुचवला की चार गोष्टी विचारा. फायदा काय आणि किती जणांना? धोका काय? दुसरा पर्याय कोणता? आणि काहीच केलं नाही तर काय होईल? चौथा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि खरं तर सर्वांत कामाचा तोच. उठण्यापूर्वी ठरलेलं तुमच्या शब्दांत म्हणून दाखवा: “म्हणजे मी जेल लावायचं, व्यायाम करायचा, आणि दोन महिन्यांनी यायचं.” चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं.

७. चाललं की दुखतं, आणि सांगतात व्यायाम करा. आणखी झिजणार नाही?

नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो आणि उतरतो, त्या दाबण्या-सुटण्यातून स्पंजासारखं आतलं द्रव आत-बाहेर होतं आणि तिचं पोषण होतं. बसून राहिलेला गुडघा उपाशी राहतो म्हणा ना.

दुखतं म्हणजे बिघडतं असं नाही, हे पटायला वेळ लागतो. मी नियम असा सांगतो: व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण २४ तासांत ते पूर्वपदावर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी निम्मं करा. बंद करू नका. फरक जाणवायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्याच आठवड्यात “काही उपयोग नाही” म्हणून सोडणारेच जास्त. डेन्मार्कमध्ये २०१३पासून चालणाऱ्या ‘ग्लॅड’ कार्यक्रमाची रचना यासाठी बघण्यासारखी आहे: आधी आजार समजावणारी दोन सत्रं, मग देखरेखीखाली बारा व्यायामसत्रं. आधी समज, मग घाम.

कोणता व्यायाम? जो तुम्ही पुढच्या वर्षीही करत असाल तो. मांडीला जोर देणारं काहीतरी आणि दम लागेल असं काहीतरी, एवढं त्यात असावं.

८. गुडघ्यातून करकर आवाज येतो. काळजीचं?

नुसता आवाज असेल तर नाही. वाटीवर तळहात ठेवून पाय सरळ केला की वाळू चुरडल्यासारखं हाताला लागतं, ते कितीतरी निरोगी गुडघ्यांतही लागतं. आवाजासोबत सूज किंवा अडकणं असेल तरच दाखवा.

९. दर वेळी गाडी वजनावरच येते. आता जायलाच नको वाटतं.

तक्रार खरी आहे. मुद्दाही खरा आहे, पण तो दंड ठोठावल्यासारखा सांगितला जातो.

२००५च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं की शरीराचं वजन जेवढं उतरतं त्याच्या सुमारे चौपट भार दर पावलाला गुडघ्यावरून कमी होतो. म्हणजे दोन किलो उतरले तर पावलागणिक आठ किलो. लोकांना वाटतं वीस किलो उतरवल्याशिवाय काही होणार नाही आणि ते सुरुवातच करत नाहीत. म्हणून हा हिशेब मी सांगतो. वजनावरच्या नव्या इंजेक्शनांचीही विचारणा होते. त्यांतल्या सेमाग्लुटाइडची गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससोबत स्थूलता असलेल्या ४०७ लोकांवरची चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली, त्यात वजनाबरोबर दुखणंही ठळकपणे कमी झालं. हा स्थूल लोकांपुरता पर्याय आहे, आणि त्याचं स्वतंत्र बोलणं व्हायला हवं.

वजनाचा विषय आज नको असेल तर तसं सांगा: “आज फक्त दुखण्यावर बोलू या?” डॉक्टरांनी हे मानलं पाहिजे. वजन उतरेपर्यंत बाकीचे इलाज अडवून ठेवणं चूक आहे. ‘नाइस’च्या सूचनेनुसार तर जास्त वजन हे सांधाबदलासाठी सर्जनकडे न पाठवण्याचं कारणही होऊ शकत नाही.

१०. गोळी किती दिवस घ्यायची? किडनी जाते म्हणतात.

गुडघा आणि हातासाठी पहिली निवड लावायचं औषध, म्हणजे डायक्लोफेनॅकसारखं जेल. ते रक्तात फार थोडं जातं. खुब्यावर मात्र चोळून उपयोग नाही; तो सांधा खोल असतो.

त्याने भागलं नाही तर आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या जातीच्या गोळ्या. त्या खरंच उपयोगी पडतात आणि खरंच त्रासही देतात: पोटात रक्तस्राव, किडनीवर ताण, ब्लडप्रेशर वाढणं, हृदयाचा धोका. किडनी, हृदय, अल्सर यांचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर न विचारता घेऊ नका. घ्यायचीच तर कमीत कमी डोस, थोडे दिवस, सोबत पोटाचं संरक्षण करणारी गोळी. “रोज घेऊ का?” यापेक्षा “कोणत्या दिवसांसाठी हवी?” असं बोलणं झालं तर बरं. लग्नघरात चार दिवस उभं राहायचंय, हे गोळी घ्यायला पुरेसं कारण आहे.

पॅरासिटामॉल निरुपद्रवी वाटते, पण या दुखण्यावर तिचा परिणाम फारच थोडा. अफूवर्गीय तीव्र वेदनाशामकं तर टाळावीतच. २०१८च्या एका चाचणीत गुडघा, खुबा किंवा पाठ जुनाट दुखणाऱ्या २४० लोकांपैकी निम्म्यांना ती वर्षभर दिली. साध्या औषधांपेक्षा त्यांचं काही अधिक चाललं नाही, दुष्परिणाम मात्र जास्त झाले.

११. ग्लुकोसामाइन, वंगणाचं इंजेक्शन, स्टिरॉइडचं इंजेक्शन… यातलं कोणतं घेऊ?

ग्लुकोसामाइन, म्हणजे सांध्यांसाठी म्हणून विकलं जाणारं पूरक: ‘नाइस’ नको म्हणते, मीही लिहून देत नाही. स्वतः घेऊन बरं वाटत असेल तर भांडणार नाही. तीन महिन्यांनी बंद करून बघा, फरक पडतो का. ‘वंगणाचं’ म्हणजे हायल्युरॉनिक आम्लाचं इंजेक्शन: ‘नाइस’चं उत्तर इथेही नाही असंच.

स्टिरॉइडचं इंजेक्शन हा खरा चर्चेचा पर्याय. सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे चांगला आराम पडतो, आणि त्या काळात व्यायाम बसवता येतो. पण ते वरचेवर घेण्यात अर्थ नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४० लोकांना दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं, खरं किंवा मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलं. दुखण्यात फरक नाही, आणि स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त पातळ झाली. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते हे आधी कळलेलं बरं. येत्या तीन महिन्यांत सांधाबदल ठरला असेल तर इंजेक्शन टाळा, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

१२. वाटी बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं? दुर्बिणीतून साफ करून भागेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. २००२ साली अमेरिकेत १८० पेशंटांवर चाचणी झाली. काहींचा गुडघा दुर्बिणीतून धुतला, काहींचा खरवडून साफ केला, आणि काहींना नुसते कातडीवर छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी तिघेही सारखेच.

आणि ‘वाटी बदलतात’ हेही तितकंसं खरं नाही. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं तासून त्यांवर धातू बसवतात, मध्ये प्लास्टिक; खरी वाटी जागेवरच राहते, फार तर तिच्या मागच्या बाजूला अस्तर लावतात.

वेळ आली हे फिल्म सांगत नाही (प्रश्न ४). व्यायाम आणि औषधं मनापासून करून झाली, तरी रात्री झोपमोड होते, जगणं घराच्या चार भिंतींत आलंय, तर सर्जनना भेटा. भेटणं म्हणजे होकार नव्हे. आकडे १०० माणसांच्या हिशेबाने मागा. २०१९च्या मोठ्या विश्लेषणानुसार १०० पैकी सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षं टिकतात, खुबे ५८. दुसऱ्या बाजूला, गुडघा बदललेल्या पाचांपैकी साधारण एक जण निकालावर समाधानी नसतो. ज्यांना नैसर्गिक गुडघा परत मिळेल असं वाटतं, त्यांचा हिरमोड होतो. गुडघे टेकून बसणं अनेकांना नंतरही जड जातं. तुमचं मुख्य काम तेच असेल तर ते ऑपरेशनआधी बोला.

१३. आई ऑपरेशन नको म्हणते, आम्हा भावंडांना ते व्हावंसं वाटतं. डॉक्टर, तुम्ही समजावा ना तिला.

समजावेन, पण पटवणार नाही. निर्णय आईंचा. बऱ्याचदा ‘नको’च्या मागे दुसरंच काही असतं: ओळखीतल्या कोणाचं ऑपरेशन फसलंय, भूल घ्यायची भीती, किंवा “मुलांना रजा पडतील”. म्हणून मी मुलांना पाच मिनिटं बाहेर बसवतो. रागावू नका. उलटही होतं: आईला ऑपरेशन हवं असतं आणि घरचे म्हणतात, “आता या वयात कशाला?” नुसतं वय हे नाही म्हणायला कारण नाही.

१४. कोणत्या दुखण्यात चर्चा बाजूला ठेवून धावत यायचं?

सांधा अचानक लाल, गरम, टम्म सुजला आणि ताप आला तर त्याच दिवशी. आत जंतू झाले असू शकतात. पडल्यावर पाय टेकवतच नसेल तर. पोटरी एकाच बाजूची सुजून दुखत असेल तर. विश्रांतीतही न थांबणारं रात्रीचं दुखणं, सोबत वजन घटत असेल किंवा पूर्वी कॅन्सर झाला असेल, तर लवकरात लवकर.

एक चकवाही सांगून ठेवतो. गुडघा दुखतो, पण गुडघ्यात काही सापडत नाही, आणि मोजा चढवताना पाय वळत नाही. अशा वेळी दोष पुष्कळदा खुब्यात असतो. अशा गुडघ्यांना महिनोन्महिने शेक दिलेला मी पाहिलाय.

१५. “वय झालं, चालायचंच” म्हणून डॉक्टरांनी वाटेला लावलं. आता?

तसं म्हणणाऱ्यांत मीही कधीकाळी होतो. वेळ कमी असला की हे वाक्य तोंडातून आपसूक निघतं. पुढच्या भेटीत दुखण्याऐवजी अडलेलं काम सांगा. “गुडघा दुखतो”ला “वय झालं” हे उत्तर देता येतं. “मला जिना उतरता येत नाही”ला देता येत नाही. तरीही तेच ऐकू आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तो बेइमानीचा प्रकार नाही, फाइल मागायला लाजू नका.

१६. मला काही ठरवायचंच नाही. डॉक्टर, तुम्हीच सांगा ना!

हाही निर्णयच आहे, आणि तो मान्य. फक्त दोन गोष्टी मला तुमच्याकडूनच लागतील: कोणतं काम परत करायचंय, आणि कोणता त्रास अजिबात चालणार नाही. तेवढं सांगा, पुढचं मी सुचवतो.

१७. एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारता येत नाही का?

येतं, केव्हाही. हा आजार वर्षानुवर्षं सोबत राहतो, म्हणून मार्चमधला नकार सप्टेंबरमध्ये बदलू शकतो. सोय म्हणून फाइलवर एक ओळ लिहून घ्या. काकूंच्या फाइलवर अशी आहे: “ऑपरेशन सध्या नको. रात्रीची झोप जायला लागली किंवा जिना पुन्हा आडवा उतरावा लागला, तर बोलू.”